घशात काहीच नव्हतं

ज्यांच्या घशात सतत काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, आणि सगळ्या तपासण्या झाल्यावर डॉक्टर ‘काही नाही’ म्हणतात, त्यांच्यासाठी मी हे लिहितो आहे. हे दोन शब्द ऐकून माणसाला हायसं वाटायला हवं. मला वाटलं नाही. डॉक्टर जितक्या वेळा ‘काही नाही’ म्हणाले, तितका मी जास्त घाबरलो. असं का झालं ते समजायला मला जवळजवळ वर्ष लागलं, आणि त्या वर्षात मी घरच्यांना पुष्कळ छळलं. ते कुणी पुन्हा करू नये एवढीच इच्छा आहे.

मी मूळचा निपाणीजवळच्या एका खेड्यातला. नोकरीसाठी बेंगळूरला आलो आणि इथलाच झालो. एका मोठ्या कारखान्यात तपासणी विभागात होतो. यंत्राचे सुटे भाग तयार होऊन आले की त्यांची मापं घ्यायची. मापात बसला तर पास, नाही तर परत. ‘साहेब, चांगला दिसतोय हा,’ असं कुणी म्हणालं की मी म्हणायचो, ‘दिसण्याचं सोड, माप सांग.’ माझी बायको सुमन म्हणते की हा माणूस चपातीसुद्धा उजेडात धरून बघतो. त्यात थोडी अतिशयोक्ती आहे, फार नाही.

*

नव्वदच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. आम्ही येलहंकाला राहत होतो. एका रविवारी सकाळी कॉफी पिऊन पेपर वाचत बसलो होतो. थुंकी गिळली आणि वाटलं, घशात काहीतरी आहे. भिजवलेला हरभरा अडकावा तसं. पाणी प्यालो, गेलं. पाच मिनिटांनी पुन्हा आलं. सुक्या भाताचा गोळा गिळून पाहिला, केळं खाल्लं. खाताना काही नाही, खाऊन झालं की हजर.

“ग्यास असेल,” सुमन म्हणाली.

आमच्या बेंगळुरात सगळं ग्यासच असतं. डोकं दुखलं तरी ग्यास, गुडघा धरला तरी ग्यास. मी ओवा खाल्ला, सोडा प्यालो. चौथ्या दिवशी मी आरशासमोर टॉर्च घेऊन तोंड वासून उभा होतो, आणि माझ्या मनात एकच गोष्ट होती: अण्णाला असंच झालं होतं.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याला जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते.

*

अण्णा गावात पिठाची गिरणी चालवायचा. भाकरी घशाखाली उतरत नाही म्हणून मीच त्याला इकडे बोलावून घेतलं. शहरातला भाऊ मी, कन्नड-इंग्रजी येणारा मी, डॉक्टरांच्या ओळखी माझ्या. तपासण्या झाल्या. मग एके दिवशी डॉक्टरांनी अण्णाला बाकावर बसवून ठेवलं आणि मला एकट्याला आत घेतलं. अन्ननलिकेचा कॅन्सर, पुढे गेलेला. ऑपरेशन झेपणार नाही, घरी न्या. तीन महिने, फार तर चार. “पेशंटला सांगू नका, धीर सोडतील,” डॉक्टर म्हणाले.

त्यांनी सांगायची गरज नव्हती. आमच्याकडे असंच करतात. वडिलांच्या वेळी असंच केलं, चुलत्यांच्या वेळी असंच केलं. हे कुणी शिकवत नाही, येतंच. मी डॉक्टरांच्या खोलीतच तोंड पुसलं, चेहरा नीट केला, बाहेर आलो आणि हसून म्हणालो, “काही नाही अण्णा. सूज आहे. गोळ्यांनी उतरेल.”

“मग बरं झालं,” अण्णा म्हणाला. “चल, कॉफी पाज.”

त्याला गावी पोचवलं तेव्हा वहिनींनाही मी तेच सांगितलं. बायकांना सांगितलं की तोंडावर दिसतं आणि पेशंट ओळखतो, हेही आमच्याकडे ठरलेलं आहे. खरं फक्त मला आणि सुमनला माहीत होतं. “वहिनींना तरी सांगा हो,” असं सुमन एकदा म्हणाली, तर मी तिला गप्प केलं. साडेचार महिन्यांनी अण्णा गेला. गेल्यावरही मी वहिनींना सांगितलं नाही. आता सांगून काय उपयोग, असं म्हणून मी तो विषय स्वतःपुरता मिटवला.

*

कान-नाक-घशाच्या पहिल्या डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं. मला ‘ई’ म्हणायला लावलं. मग हात धुता धुता हसून म्हणाले, “एनू इल्ला, सार.” म्हणजे काही नाही.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तो हसरा चेहरा माझ्या चांगला ओळखीचा होता. मी तो स्वतः केला होता.

आम्ही बाहेर आलो. रस्त्यावर आल्यावर सुमनला आठवलं की तिची पर्स आत राहिली. ती परत गेली आणि चांगली पाच-सात मिनिटांनी आली. डोळे ओले होते, पदराने पुसलेले दिसत होते. मी काही विचारलं नाही. विचारायचं काय? मला माझं माप मिळालं होतं.

नंतर दुसरे डॉक्टर झाले. तिथे पातळ चुन्यासारखं पांढरं औषध पाजून फोटो काढले. मग तिसरे, त्यांनी दिव्याची नळी आत घातली. नळी घालताना तिथल्या नर्सने माझा हात धरून ठेवला होता आणि “आयतु, आयतु,” झालंच, झालंच, असं म्हणत राहिली होती. त्या बाईचं नाव मी विचारलं नाही याची मला अजून खंत आहे. निकाल मात्र तोच. काही नाही. प्रत्येक वेळी मी डॉक्टरांकडे कमी आणि सुमनकडे जास्त बघायचो.

*

मी आधी भाकरी सोडली, मग चपाती, मग भात. शेवटी सकाळ-संध्याकाळ नाचणीची अंबील आणि दूध. जड घास अडकला तर सगळं संपलं, असं मनाने घेतलं होतं. वजन उतरायला लागलं. पट्ट्याला कारखान्यातच नवीन भोक पाडून घेतलं, मग आणखी एक. आणि मग मी त्या भोकांकडे बोट दाखवून सुमनला म्हणायचो, “बघ, काही नाही तर मग वजन का उतरतंय?” अंबिलीवर जगणाऱ्या माणसाचं वजन का उतरतं, हे कोडं मला खरंच सुटत नव्हतं.

एक गंमत सांगतो. आमच्या विभागातले एक जण निवृत्त झाले. त्या दिवशी कँटीनमध्ये बिसिबेळे भात होता. मी त्यांच्याशेजारी बसून जुन्या सुपरवायझरच्या गोष्टी सांगण्यात इतका रंगलो की ताट कधी संपलं कळलं नाही. वर चिवडा घेतला. हात धुताना लक्षात आलं की आपण खाल्लं. ताबडतोब घशात गोळा आला. आता कारखान्यात असं एखादं माप आलं असतं तर मी दहा वेळा तपासलं असतं. इथे ते मला नको होतं, म्हणून मी ते टाकून दिलं.

घरात मी बोलेनासा झालो. आमची मुलगी वंदना तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन बसली होती. पुण्याला नोकरीच्या मुलाखतीचं बोलावणं आलं, तिने ‘आत्ता नको’ असं कळवलं. मला ते सांगितलंही नाही. ते पत्र मला कपाटात सापडलं. कारण मी कपाटं तपासत होतो. सुमनची पर्स, वंदनाच्या वह्या. माझा खरा रिपोर्ट कुठेतरी लपवलेला असणार याबद्दल मला शंका नव्हती.

एका संध्याकाळी सुमन स्वयंपाकघरात असताना मी सरळ जाऊन उभा राहिलो.

“पर्स आणायला गेलीस तेव्हा डॉक्टरांनी तुला काय सांगितलं?”

“काही नाही.”

“मीही वहिनींना हेच सांगितलं होतं.”

तिने हातातला डाव खाली ठेवला. “म्हणजे मी तुम्हाला फसवते आहे?”

“मी सख्ख्या भावाला फसवलं. तू का नाही फसवणार?”

“अहो, मी त्यांना परत विचारायला गेले होते,” ती म्हणाली. “हात जोडून म्हटलं, खरं सांगा, मला सांगा. ते म्हणाले, बाई, खरंच काही नाही. सुटल्यासारखं झालं मला, म्हणून रडले. माणसाने बरं वाटलं तरी रडायचं नाही का आता?”

मला ते पटलं नाही. तसं मी बोलूनही दाखवलं. त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. वंदना निरोप पोचवत होती, “पप्पा, मम्मी विचारते, अंबील की दूध?”

आता मागे वळून बघताना धोका कुठे होता ते स्पष्ट दिसतं. कॅन्सर नव्हता, पण मी ज्या चालीने चाललो होतो त्या चालीने मरायला त्याची गरजही पडली नसती.

*

नळी घालणारे तिसरे डॉक्टर वयस्कर होते. पुन्हा गेलो तेव्हा त्यांनी तपासलंच नाही. मनाच्या आजारांच्या सरकारी इस्पितळासाठी एक चिठ्ठी लिहून दिली. मी ती चिठ्ठी टेबलावरच ठेवून उठलो. त्या इस्पितळाचं नाव आमच्याकडे शिवीसारखं वापरतात. मला घशाचं दुखणं आहे आणि हे मला वेड्यांच्या डॉक्टरकडे पाठवताहेत!

चिठ्ठी सुमनने उचलली. आठवडाभराने ती म्हणाली, “माझ्यासाठी एकदा चला. मग मी पुन्हा तोंड उघडणार नाही.” ती जेवणाच्या ताटावर बसून हे म्हणत होती आणि तिच्याही ताटात अंबीलच होती. मी तिला चपाती खाताना कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं हे मला तेव्हा दिसलं. मला फार लाज वाटली. मी गेलो.

शेजाऱ्यांना आम्ही सांगितलं, दातांचे डॉक्टर. दर गुरुवारी रजा टाकून आम्ही दोघं बसने जायचो. चार महिने. आमच्या गल्लीत माझ्या दातांबद्दल बरंच कुतूहल तयार झालं होतं.

तिथल्या बाकावर पहिल्या दिवशी मी वेडे शोधत होतो. एक कॉलेजातल्या बाई होत्या, हातात पेपरांचा गठ्ठा, तपासत बसल्या होत्या. कोलारकडचा एक शेतकरी आईला घेऊन आला होता, त्याने सगळ्यांना केळी वाटली. रेशनच्या रांगेत असतात तशीच माणसं. रजिस्टर घेतलेली आया मोठ्याने नावं पुकारायची, ते मात्र मला नको व्हायचं. मी सारखा उठून दाराकडे बघत होतो तेव्हा तिनेच खांद्याला हात लावून म्हटलं, “स्वल्प कूतकोळ्ळी, अण्णा.” जरा बसा. या शहरात कुणीही कुणालाही अण्णा म्हणतं. भाऊ गेल्यापासून तो शब्द ऐकला की मी तिथून निघून जायचो. त्या दिवशी मी मुकाट्याने बसलो.

*

डॉक्टरबाई माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असतील. आमचं बोलणं कन्नडमध्ये झालं, इथे मराठीत देतो.

“घास अडकतो, की नुसती थुंकी गिळताना अडतं?”

“थुंकी. पण घासही अडकेल.”

“कधी अडकलाय?”

“नाही. मी खातच नाही.”

माझं उत्तर मलाच जरा चमत्कारिक वाटलं. त्यांनी ते फक्त लिहून घेतलं.

“तुम्हाला काय झालंय असं तुम्हाला वाटतं?”

हे आतापर्यंत कुणी विचारलं नव्हतं. “कॅन्सर,” मी म्हणालो. तो शब्द मी पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारला. घरी आम्ही ‘तसलं काही’ म्हणायचो.

“तीन डॉक्टर नाही म्हणाले.”

“डॉक्टर खरं कुठे सांगतात?”

“असं कोण म्हणतं?”

“मी म्हणतो. मी त्यांच्या बाजूला बसून आलोय.”

आणि मग मी सगळं सांगितलं. बाकावर बसलेला अण्णा, माझं हसणं, कॉफी, वहिनी. सांगताना मला दोनदा थांबून पाणी प्यावं लागलं. त्यांनी घाई केली नाही. ‘म्हणजे हे सगळं अपराधीपणामुळे झालं,’ असंही त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर मी उठून गेलो असतो, कारण असलं नीटनेटकं बोलणं मला आवडत नाही. त्या एवढंच म्हणाल्या, “मग तुमचा विश्वास बसणार कसा? तुमच्या जागी मी असते तर माझाही बसला नसता.”

इतक्या महिन्यांत मला बरं वाटलं ते या वाक्याने.

मग त्यांनी सुमनला आत बोलावलं. ती सवयीने माझ्या मागे उभी राहिली. त्यांनी तिची खुर्ची माझ्या शेजारी लावायला सांगितली. “आपण एक नियम करू. यांच्याबद्दलची प्रत्येक गोष्ट मी आधी यांना सांगणार. तुमच्याशी एकटीशी मी बोलणार नाही, तुम्हीही परत येऊन विचारायचं नाही. चालेल?”

“चालेल,” सुमन म्हणाली. “फार बरं झालं.”

माझे सगळे रिपोर्ट त्यांनी माझ्याच हातात दिले आणि वाचायला लावले. न समजलेला शब्द विचारायचा. पाच महिने मी ते कागद घेऊन हिंडत होतो, पण एकदाही नीट वाचले नव्हते. खरं त्यात लिहिलेलं नसणारच, मग वाचायचं कशाला? बाहेर एवढी रांग असताना त्यांनी माझ्यासाठी अर्धा तास घालवला.

शेवटी म्हणाल्या, “घशात गोळा जाणवतो हे खरं आहे. तुम्ही खोटं बोलत नाही. तिथले स्नायू आवळतात. पण तुम्ही मोजमाप करणारे आहात, तर माझ्या शब्दावर जाऊ नका. पंधरा दिवस मोजा. गोळा कधी येतो, तेव्हा काय करत होता, एवढंच लिहून आणा.”

*

मी तपासणी विभागाच्या तक्त्यावर लिहायला सुरुवात केली. मनात होतं, यांना खोटं पाडायचं. कामावर मापं घेताना: नाही. बसमध्ये उभा: नाही. बसमध्ये बसायला जागा मिळाली: आहे. खाताना: नाही. खाऊन झाल्यावर: आहे. रविवार: दिवसभर. एका बुधवारी वहिनींचं सुमनला पत्र आलं. ‘भावजींची तब्येत कशी हाय, काळजी वाटते,’ असं त्यांनी विचारलं होतं. त्या दिवशीच्या रकान्यात मी जे लिहिलं ते इथे सांगण्यासारखं नाही, पण संध्याकाळी मला पाणीसुद्धा गिळता येईना.

पंधरा दिवसांनी तक्ता समोर ठेवून मी स्वतःच बराच वेळ बघत राहिलो. ज्याची वाट खरोखर बंद होते तो माणूस बसायला जागा मिळाल्यावर बंद आणि उभं राहिल्यावर मोकळा होत नाही. अण्णाला घास जात नव्हता, थुंकी जात होती. माझं बरोबर उलटं होतं. हे मला कुणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं. अक्षर माझं होतं म्हणून मानावं लागलं.

एका झटक्यात बरा झालो असं समजू नका. छोट्या गोळ्या होत्या, सावकाश श्वास घ्यायचे व्यायाम होते, आणि एकट्याने जेवायचं नाही हा हुकूम होता. आधी इडली, मग मऊ भात, मग चपातीचा पापुद्रा. काही दिवस पुढे, काही दिवस मागे. एका शनिवारी वंदनाबरोबर चिकपेटला गेलो. पुण्याहून तिला पुन्हा बोलावणं आलं होतं आणि मुलाखतीसाठी साडी घ्यायची होती. गर्दीत दमून आम्ही एका हॉटेलात शिरलो. मी डोसा खाल्ला, कडांसकट, आणि लक्षात ठेवून खाल्ला. वंदनाने आपल्या ताटातली चटणी माझ्याकडे सरकवली. पोरीचे डोळे भरले होते. मी फार सुखात होतो.

*

वहिनींना सांगायचं, हे मी ठरवलं होतं. डॉक्टरबाईंना वाटलं होतं त्यापेक्षा लवकर ठरवलं. त्यांनी मला अडवलं नाही, पण एक गोष्ट बजावली. “तुमचं ओझं उतरावं म्हणून त्यांच्या डोक्यावर ठेवू नका. त्यांना ते हवंय का, हे आधी विचारा.”

अण्णाच्या वर्षश्राद्धाला गावी गेलो. पाहुणे गेल्यावर दुपारी वहिनी गिरणीच्या ओट्यावर धान्य निवडत बसल्या होत्या. मी म्हणालो, “वहिनी, अण्णाच्या आजारातली एक गोष्ट मी तुम्हाला सांगितली नाही. ऐकायची आहे का?”

“एवढं इचारलासा म्हणजे आता ऐकल्याबिगर ऱ्हाईन व्हय मी?”

मी सांगितलं. त्यांचे हात सुपात तसेच राहिले.

“किती दिवस सांगितलं हुतं डाक्टरनं?”

“तीन-चार महिने.”

त्यांनी सूप बाजूला सारलं. मग म्हणाल्या, “गावात माणसं म्हणायची, गिरणीवाल्याला तसलंच झालंया. मी भांडायची त्यांच्यासंगं. म्हणायची, आमच्या भावजींनी बेंगळूरच्या डाक्टरला इचारलंया, काय न्हाई. आणि भाकरी खात न्हाईत म्हणून मी त्यास्नी किती बोलले! ताटावरनं उठू द्यायची न्हाई. सूजच हाय, खावा की, नखरे करू नका, म्हणायची. डोळ्यांत पाणी यायचं त्यांच्या, तरी मी पुढ्यात बसून खायला लावायची.”

हे मला माहीत नव्हतं. अण्णाला मी एकट्यानेच फसवलं असं मी वर्षभर समजत होतो. त्याला जबरदस्तीने भरवायला मी वहिनींना बसवलं होतं, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

“वहिनी, माझं चुकलं,” मी म्हणालो.

“चुकलंच,” त्या म्हणाल्या. “आज माझ्यासंगं बोलू नका.”

मी ओट्यावरून उठलो. सकाळी निघताना त्यांनी चहा दिला, सुमनसाठी तिळाची चटणी बांधून दिली. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि ते मागायचा मला हक्कही नव्हता.

*

दोन महिन्यांनी त्यांचं पत्र आलं. चारच ओळी. दवाखान्याचे कागद असतील तर घेऊन या.

अण्णाचे कागद माझ्या ट्रंकेत होते. दिवाळीच्या सुट्टीत घेऊन गेलो. वहिनींना मराठी वाचता येतं, इंग्रजी येत नाही. मी एकेक ओळ वाचून मराठीत सांगत गेलो. काही गाळलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, “ह्यात भाकरीचं काय लिहिलंया?”

“भाकरीचं?”

“मी दडपून खायला घातलं, त्यानं ते आत वाढलं का? फाटलं का काय?”

एवढं विचारण्यासाठी त्यांनी मला पाचशे किलोमीटरवरून बोलावलं होतं. दोन महिने त्या हा प्रश्न घेऊन बसल्या होत्या.

“नाही वहिनी,” मी म्हणालो. “दुखलं असेल त्याला, ते खरं आहे. पण आजार त्याने वाढत नाही. तसं काही नाही.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, माझ्या तोंडावर काही दिसतंय का ते शोधत. “मला बरं वाटावं म्हणून तर म्हणत न्हाईसा?”

मी शपथ घेणार होतो. पण अण्णाने शपथ घालून विचारलं असतं तर मी तेव्हाही घेतली असती. “उद्या निपाणीला डॉक्टरांनाच विचारू,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी आम्ही निपाणीला एका मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. नंबर आल्यावर मी सवयीने उठलो, तर वहिनींनी कागद माझ्या हातातून घेतले. “तुम्ही भाईर बसा,” म्हणाल्या आणि एकट्या आत गेल्या.

वीस मिनिटं मी बाकावर होतो. आत काय चाललंय ते मला कळत नव्हतं. गोळा आला होता, येणारच होता. अजूनही येतो कधी कधी, आणि आपण होऊन जातो. दार उघडलं. वहिनी बाहेर आल्या, कागद घडी घालून पिशवीत ठेवले आणि माझ्या शेजारी बसल्या.

“तुम्ही म्हणालासा तेच म्हणाले डाक्टर.” त्यांनी पदराने तोंड पुसलं. “पण मला माझ्या कानानं ऐकायचं हुतं, भावजी.”

“मला माहीत आहे, वहिनी,” मी म्हणालो.